सोरोयाचा समुद्र आणि आमची सुट्टी

गेल्या प्रदर्शनात पहिल्याच संध्याकाळी एका छोट्या चित्राखाली लाल टिकली लागली. ओल्या वाळूत उकिडवी बसलेली माझी लेक, पाठमोरी, फ्रॉकवर उतरतं ऊन. पाऊण तासात झालेलं आणि मला फार आवडलेलं काम. लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. ती लागली की चित्रकाराच्या घरी सण असतो. पण त्या रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, ते माझं होतं ना? मला विचारलं का नाहीस?" मी काहीतरी समजूत घातली. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतरच्या सप्टेंबरात आम्ही तिघं स्पेनला गेलो. नवऱ्याला आणि लेकीला समुद्र हवा होता, मला होआकीन सोरोया हा जुना स्पॅनिश चित्रकार हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावर सापडतात, म्हणून वाद झाला नाही.

सामान बांधतानाची एक गोष्ट आधी सांगते, कारण तैलरंग घेऊन विमानाने जाणारे मित्र नेहमी विचारतात. रंगाच्या ट्यूब चेक-इनच्या बॅगेत ठेवायच्या. त्यांतलं जवसाचं तेल दोनशे अंशांच्या पुढे तापल्याशिवाय पेटू शकणारी वाफ सोडत नाही. रंग पातळ करायचं टरपेंटाइन मात्र साधारण पस्तीस अंशांनाच पेटू शकणारी वाफ सोडतं, त्यामुळे ते न्यायचंच नाही. मी ब्रश जवसाच्याच तेलात धुतले आणि चिंधीला पुसले. ओली चित्रं आणायला खाचा पाडलेली लाकडी पेटी होती. वीस बाय पंचवीस सेंटिमीटरचे आठ बोर्ड तीत एकमेकांना न चिकटता उभे राहतात.

माद्रिदमधलं सोरोयाचं घर म्हणजेच आजचं त्याचं संग्रहालय. १९११ मध्ये तो सहकुटुंब इथे राहायला आला. रस्त्यावर गाड्यांचा आवाज, आणि फाटकातून आत गेलं की कारंजी, रंगीत फरशा, मेंदीसारखी कातरलेली झुडपं. बाग त्याने स्वतः आखली. लेक कारंज्यापाशी रमली आणि नवरा तिच्याबरोबर थांबला, म्हणून स्टुडिओत मी एकटीच शिरले. उंच छत, तांबूस भिंती, भिंतींवर खालपासून वरपर्यंत चित्रं, भांड्यांत उभे केलेले ब्रश. काम अर्धवट टाकून कुणी जेवायला गेलंय असं वाटणारी खोली.

१९२० च्या जूनमध्ये याच घराच्या बागेत एक पोर्ट्रेट रंगवत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर १९२३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, तोपर्यंत चित्रकला त्याला पुन्हा साधली नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी त्या बागेत उभं राहून आठवलं तेव्हा ऊन जरा वेगळं दिसलं.

सोरोयाचं आयुष्य वरवर पाहिलं तर यशाचंच आहे. जन्म १८६३ चा, वालेन्सियातला. दोन वर्षांचा असताना कॉलऱ्याच्या साथीत आई-वडील दोघंही गेले. त्याला आणि धाकट्या बहिणीला मावशीने वाढवलं. मावशीचा नवरा कुलुपं बनवायचा. तरुणपणी एका छायाचित्रकाराच्या स्टुडिओत काम केलं आणि त्याच छायाचित्रकाराच्या मुलीशी, क्लोतिल्देशी, १८८८ मध्ये लग्न केलं. मारिया, होआकीन, एलेना अशी तीन मुलं. पुढे प्रदर्शनांमागून प्रदर्शनं. १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सर्वोच्च सन्मान, १९०६ मध्ये पॅरिसमध्येच शेकडो चित्रांचं एकट्याचं प्रदर्शन, १९०८ मध्ये लंडन, आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कची हिस्पॅनिक सोसायटी.

त्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाचे आकडे वाचले की मला अजूनही थांबायला होतं. ३५६ चित्रं. जेमतेम महिनाभरात सुमारे एक लाख साठ हजार माणसं. अमेरिकेच्या त्या एका फेरीत १९५ चित्रं विकली गेली, शिवाय राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचं पोर्ट्रेट. मी माझ्या प्रदर्शनात बावीस चित्रं लावते, तेव्हा आदल्या रात्री झोप लागत नाही. कुठलं शेजारी कुठलं, कुठल्याला जास्त उजेड, कुठलं दारातून दिसलं पाहिजे. ३५६ चित्रांच्या चौकटी, याद्या, पेट्या, विमा, पत्रव्यवहार हे सगळं कुणी केलं असेल? हिशेब आणि व्यवहार क्लोतिल्दे पाहायची. घरापासून दूर असला की तो तिला जवळजवळ रोज पत्र लिहायचा. या घराच्या भिंतींवर ती इतक्या वेळा भेटते की तिसऱ्या खोलीत मला ती ओळखीची वाटू लागली.

तिचं एक चित्र आहे, नाव नुसतं 'आई'. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरं शुभ्र अंथरूण, त्यात फक्त दोन चेहरे, क्लोतिल्दे आणि नुकती जन्मलेली एलेना. १८९५ चं. बाकी सगळा कॅनव्हास पांढरा, आणि जवळ जाऊन पाहिलं तर शुद्ध पांढरा रंग त्यात फारच थोडा. राखाडी, पिवळसर, हिरवट छटा एकमेकींत मिसळल्यात. ज्यांना तैलरंगात पांढरं कापड जमत नाही त्यांनी या चित्रासमोर एक तास बसावं, मी बसले.

आणि मग 'समुद्रकिनाऱ्यावरचा फेरफटका'. दोन मीटर बाय दोन मीटर. पाण्याच्या कडेने चाललेल्या दोन स्त्रिया, पांढरे कपडे, वाऱ्यावर उडणारी जाळी, पांढरी छत्री. क्षितिज नाहीच. मागे फक्त पाणी आणि वाळू, म्हणजे बघणारा जरा उंचावरून बघतोय. आजवर मी हे चित्र छापील पुस्तकात पाहिलं होतं आणि मला ते सुखवस्तू घरातल्या सुट्टीचं गोड चित्र वाटायचं. तसं मानणं चूक होतं. चित्र १९०९ च्या उन्हाळ्यातलं, न्यूयॉर्कहून परतल्यावर लगेच रंगवलेलं. त्यातल्या दोघी क्लोतिल्दे आणि मारिया. मारिया तेव्हा एकोणीस वर्षांची. त्याआधी दोन-तीन वर्षं तिला क्षयाने गाठलं होतं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती आणि वाट पाहणं एवढंच हाती होतं. तिच्या आजारपणात सोरोया कुटुंबासह माद्रिदबाहेरच्या एल पार्दोत जाऊन राहिला होता. ती मुलगी आता वाऱ्यात, उन्हात, स्वतःच्या पायांवर चालली आहे. मोठ्या यशानंतर घरी आलेल्या बापाने रंगवायला निवडलं ते हे.

मी लेकीला हाक मारून आत आणलं आणि मारियाची गोष्ट सांगितली. तिने बराच वेळ चित्र पाहिलं. मग विचारलं, "हे विकलं नाही त्यांनी?"

नाही विकलं. क्लोतिल्देने मृत्यूपत्रात हे घर आणि तिच्याकडची चित्रं देशाला दिली. ती १९२९ मध्ये गेली, १९३२ मध्ये संग्रहालय उघडलं, आणि मुलगा होआकीन त्याचा पहिला संचालक झाला. ज्या माणसाची एका फेरीत १९५ चित्रं विकली गेली, त्याच्या घरात ही राहिली.

माद्रिदहून वालेन्सिया वेगवान रेल्वेने सुमारे दोन तास. तिथून ट्रामने मालवारोसाचा किनारा. पोचलो त्या संध्याकाळी मी बोर्ड लावला आणि अर्ध्या तासात पुसून टाकला, कारण उजेडच कळेना. कोकणचा समुद्र पश्चिमेला. तिथे दुपारनंतर ऊन पाण्याच्या बाजूने डोळ्यांवर येतं, माणसं काळपट दिसतात, कडेने सोनेरी रेघ, आणि शेवटी सूर्य पाण्यात जातो. माझ्या हाताला तीच सवय. इथे समुद्र पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य पाठीमागे, शहरावर. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन आपल्या खांद्यावरून पुढे जातं आणि पाण्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला समोरून उजळून टाकतं. अंगावर पिवळं-नारिंगी ऊन, मागे गर्द निळं पाणी, आणि वाळूवर पाण्याकडे सरकत जाणाऱ्या लांबच लांब जांभळ्या सावल्या. सोरोयाच्या चित्रांतला तो जांभळा रंग मला नुसती त्याची शैली वाटत आला होता. तो इथे वाळूवर समोर पडलेला होता.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. भूमध्य समुद्राला ती जवळजवळ नाही, इथे पाणी जेमतेम वीतभर वर-खाली होतं. कोकणात चित्र रंगवायला बसलं की तासाभरात पाणी कुठल्या कुठे जातं आणि ओली वाळू मैलभर पसरते. इथे ओल्या वाळूचा पट्टा दिवसभर त्याच जागी, आरशासारखा. चित्रकाराला हे वरदान आहे, उद्या त्याच वेळी आलात तर तेच मिळेल. मासेमारांना मात्र नाव तरंगवून द्यायला भरती नव्हती. म्हणून इथे नावा ओढायला बैल होते. काबान्याल ही मासेमारांची जुनी वस्ती किनाऱ्याला लागूनच आहे. घरांच्या दर्शनी भिंतींवर रंगीत फरशा, आणि त्यांत ते बैल बांधायची इमारत अजून उभी आहे. १८९४ च्या 'मासेमारीहून परत' या चार मीटर रुंद चित्रात पाण्यात पोटापर्यंत शिरलेले बैल शिडाची नाव ओढताहेत. ते चित्र फ्रेंच सरकारने घेतलं, आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. नवरा शेतकऱ्याच्या घरातला. तो त्या इमारतीसमोर माझ्याहून जास्त वेळ थांबला आणि खाऱ्या पाण्यात बैलांच्या खुरांचं काय होत असेल याचा विचार करत राहिला.

याच किनाऱ्यावर सोरोयाने 'दुःखद वारसा' हे चित्र रंगवलं, अपंग मुलांना समुद्रस्नानाला घेऊन आलेला धर्मगुरू. पॅरिसचा १९०० चा सन्मान त्यालाच मिळाला. त्यानंतर तो अशा विषयांकडे फारसा वळला नाही. काही जण त्याला याबद्दल दोष देतात. मला तो दोष पटत नाही. पाण्यात खेळणारं निरोगी मूल रंगवणं हा हलका विषय आहे असं ज्याला वाटतं, त्याने आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढलेली नसावी.

तिसऱ्या दिवशी वारा आला. बोर्ड लावायचा स्टँड, इझल, दोनदा कोलमडला, एक बोर्ड ओल्या बाजूने वाळूत पडला. जुन्या छायाचित्रांत सोरोया किनाऱ्यावर केवढाले कॅनव्हास लावून, वाऱ्याला आडोसे बांधून काम करताना दिसतो, टोपी घालून, नीट कपड्यांत. ते आडोसे धरायला, बांधायला माणसं लागतात. माझा आडोसा म्हणजे नवऱ्याने दोन्ही हातांनी ताणून धरलेली चादर. तो चाळीस मिनिटं तसा उभा होता. त्याची सुट्टी होती ती. माझ्या किती चित्रांमागे हा माणूस असा उभा आहे, हे मी कधी मोजलेलं नाही.

वाळूत पडलेल्या बोर्डाचं फार वाईट वाटून घेतलं नाही. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७० च्या उन्हाळ्यात, लग्नानंतर लगेच, त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर रंगवलेल्या चित्रात आजही वाळूचे कण अडकलेले आहेत. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी मोठे कण रंगाच्या सुरीने उचलले, बाकीचे राहू दिले.

मग लेक पाण्यातून आली आणि म्हणाली, "मी उभी राहू?"

यापूर्वी मी तिला कधी विचारलं नव्हतं. ती खेळत असायची, मी रंगवत असायचे. या वेळी ती स्वतः जाऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली, तोंड माझ्याकडे, ऊन डोळ्यांवर म्हणून एक हात कपाळाला. मी जाड रंग घेतला. कपाळावरच्या हाताच्या सावलीत गालावर खालून वाळूचा पिवळसर उजेड, कानापाशी आभाळाचा निळा. ओला टॉवेल पांढरा होता, तो मी गुलाबी आणि कोबाल्ट ब्लूमध्ये केला. पंचवीस मिनिटांत सावल्या इतक्या लांबल्या की थांबावं लागलं. नाक नीट आलेलं नाही. उभं राहणं आलं आहे.

परत येऊन चार आठवडे झाले तरी त्या टॉवेलचा रंग बोटाला लागत होता. तैलरंग वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो, आणि टायटॅनियम व्हाइट जाड लावला की फार वेळ घेतो. उंबर नावाच्या तपकिरी रंगासारखे मातकट रंग चार दिवसांत हाताला कोरडे लागतात. तोपर्यंत बोर्ड पुस्तकांच्या फडताळावर, भिंतीकडे तोंड करून न ठेवता तोंड पुढे करून ठेवलेला होता. येता-जाता लेक त्याच्याकडे बघायची, काही बोलायची नाही.

पुढच्या प्रदर्शनाची यादी नवरा करतो. परवा रात्री तो लॅपटॉपवर चित्रांची नावं, मापं आणि किंमती भरत होता. लेक त्याच्या शेजारी जाऊन बसली. मालवारोसाचं चित्र यादीत घ्यायचं की नाही, हे मी तिला विचारलं. तिने घ्यायला सांगितलं. नाव तिनेच टाइप केलं, माप पट्टीने मोजून भरलं, आणि किंमतीचा रकाना रिकामा ठेवून पुढच्या चित्राकडे गेली.