रेडिओ चालू असताना पेशी मोजणं

रक्तपेशी हल्ली मशीनच मोजतं, असा बहुतेकांचा समज असतो आणि तो बराचसा खराही आहे. अ‍ॅनालायझर मिनिटाभरात हजारो पेशी मोजून मोकळा होतो. पण त्याला शंका आली की तो रिपोर्टवर खूण करतो आणि मग ती स्लाइड माझ्या टेबलावर येते. काचेवर ओढून रंगवलेला रक्ताचा पातळ थर, त्यावर तेलाचा थेंब, शंभरची लेन्स, आणि नागमोडी सरकत एकेक पांढरी पेशी ओळखणं. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट. प्रत्येकीसाठी काउंटरवर वेगळी कळ असते. १०० झाल्या की घंटी वाजते.

या कामात मनातल्या मनात सतत काहीतरी उच्चारलं जात असतं. आधी पेशीचं नाव येतं, मग बोट कळीवर जातं. आमच्या प्रयोगशाळेत मात्र सकाळी दार उघडल्यापासून शेवटचा रिपोर्ट जाईपर्यंत सॉफ्ट रॉक लावणारी एक रेडिओ वाहिनी चालू असायची, आणि माझं टेबल स्पीकरच्या अगदी शेजारी होतं.

त्या संगीताशी माझं वैर नाही. त्यातली काही गाणी फार मेहनतीने बांधलेली आहेत. संथ गिटार, मागे पियानो, गळ्यात दाटून आल्यासारखा आवाज, मग वर चढत जाणारं धृपद. घरी स्वतःहून लावलं असतं तर मी मन लावून ऐकलं असतं. पण एकच धृपद सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, आज, उद्या आणि परवा, स्वतः न निवडता कानावर पडत राहिलं की त्यातली मेहनत दिसेनाशी होते. पुढचा शब्द येण्याआधीच तो डोक्यात वाजून गेलेला असतो. आणि मग तो खरोखर येतो.

ही पुनरावृत्ती आळसातून होत नाही, हे मला नंतर वाचून कळलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत टॉड स्टॉर्झ यांच्या केंद्रांनी मोजकीच लोकप्रिय गाणी फिरवत राहण्याची पद्धत रुजवली. पुढे कोणतं गाणं किती तासांनी परत येईल हे ठरवणारी सॉफ्टवेअरं आली. गाण्याचे काही सेकंदांचे तुकडे श्रोत्यांना ऐकवून चाचणी घेतात आणि जे ऐकून कमीत कमी लोक वाहिनी बदलतील ते यादीत टिकतं. गाडीत थोडा वेळ रेडिओ लावणाऱ्याला त्या वेळात ओळखीचं काहीतरी मिळावं, हा त्यामागचा विचार. त्याच्यासाठी तो बरोबरही आहे. त्याची किंमत मोजतो तो दिवसभर एकाच खोलीत बसलेला माणूस, आणि यादी बनवताना त्याचा विचार कुणी केलेला नसतो. शिवाय प्रक्षेपणाआधी आवाज दाबून एका पातळीवर आणतात. गाण्यातला हळू भाग हळू राहत नाही. कानाला उसंत म्हणून मिळत नाही.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी गर्दी होती. नमुने नेहमीपेक्षा जास्त आले होते, फोन वाजत होता, आणि अ‍ॅनालायझरने एका नमुन्यावर पांढऱ्या पेशींचा आकडा १४,६०० दाखवून शेजारी खूण केली होती. स्लाइड पाहिली तर केंद्रक असलेल्या लाल पेशी भरपूर. आम्ही त्यांना एनआरबीसी म्हणतो. या पेशी एरवी अस्थिमज्जेतच असतात; मोठ्या माणसाच्या रक्तात सहसा दिसत नाहीत. दिसल्या तर शरीर लाल पेशी घाईघाईने बाहेर ढकलत आहे किंवा मज्जेत काहीतरी बिघडलं आहे, असा अर्थ होऊ शकतो. आमचं मशीन जुनं आहे. ते केंद्रक बघून त्यांनाही पांढऱ्या पेशींतच धरतं. म्हणून १०० पांढऱ्या पेशींमागे एनआरबीसी किती, हे माणसाने मोजायचं आणि त्यावरून मूळ आकडा दुरुस्त करायचा.

अडचण अशी की आमच्या काउंटरवर एनआरबीसीसाठी कळ नाही. पांढऱ्या पेशी बोटांनी मोजायच्या आणि एनआरबीसींचा आकडा डोक्यात धरून ठेवायचा. एकोणीस, वीस, एकवीस. मध्ये न्यूट्रोफिल आली, कळ दाबली, परत एकवीस, बावीस.

आणि ते धृपद सुरू झालं.

डोक्यातला आकडा पुसला गेला. बावीस होते की बत्तीस, हे सांगता येईना. काउंटर शून्यावर आणला आणि स्लाइडच्या कडेपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी जाहिरात लागली आणि त्यात एक फोन नंबर होता. आकडे मनात धरलेल्या माणसाच्या कानावर दुसरे आकडे पडले तर काय होतं, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. तिसऱ्यांदा सुरुवात करायच्या आधी मी उठले.

रेडिओ ज्यांचा, त्या आमच्याकडे सर्वांत जुन्या. नमुने घेणं, नळ्यांना बारकोड चिकटवणं, सेंट्रिफ्यूज लावणं, क्रमवार रॅकमध्ये ठेवणं हे काम त्या करतात आणि त्यांच्या हातून नळीची अदलाबदल झालेली मी कधी पाहिलेली नाही. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो.

"ताई, एक अवघड काउंट आहे. रेडिओ थोडा वेळ थांबवाल का?"

"अगं, कमी करते ना," असं म्हणत त्यांनी लगेच आवाज निम्म्यावर आणला. अगदी मनापासून.

पण कमी करून उपयोग झाला नाही, आणि तो होणारही नव्हता. मनात आकड्यांचा क्रम धरून ठेवताना मागून येणारा आवाज तो क्रम मोडतो, यावर १९७० च्या दशकापासून बरेच प्रयोग झाले आहेत. कोल आणि वेल्श यांच्या १९७६ च्या प्रयोगात लोकांना न कळणाऱ्या भाषेतलं वाचन मागे लावलं होतं, तरीही त्यांची स्मरणशक्ती घसरली. १९८० च्या दशकात सलामे आणि बॅडली यांनी दाखवलं की वाद्यसंगीतापेक्षा गायन जास्त अडथळा आणतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे बोलण्याच्या नेहमीच्या पट्टीत आवाज कमीजास्त केल्याने यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आवाज सतत बदलत राहतो याने. म्हणून फ्रिजची घरघर मला त्रास देत नाही आणि हळू लावलेलं गाणं देतं. आवाज कमी करणारा माणूस आपण समजूतदारपणा दाखवला असं मानतो, आणि तो दाखवलेला असतोही. समोरच्याचा त्रास मात्र जिथल्या तिथे राहतो आणि आता पुन्हा तक्रार करायची त्याला चोरी होते.

तरी मी केली. "ताई, कमी नको, बंदच करा. दहा मिनिटं."

त्यांचा चेहरा उतरला. रेडिओ बंद झाला. मी स्लाइडवर परत गेले आणि एका दमात काउंट पूर्ण झाला: १०० पांढऱ्या पेशींमागे ४६ एनआरबीसी. १४,६०० ला १०० ने गुणून १४६ ने भागायचं, उत्तर १०,०००. म्हणजे वाढलेल्या वाटणाऱ्या पांढऱ्या पेशी प्रत्यक्षात नेहमीच्या मर्यादेत होत्या. एनआरबीसी पाचदहा इकडेतिकडे झाल्या असत्या तरी हे उत्तर फार हललं नसतं, हे मान्य. पण पुढचा नमुना आल्यावर डॉक्टर दोन्ही वेळचे एनआरबीसी शेजारी ठेवून ते वाढताहेत की उतरताहेत हे बघणार असतात. तिथे पाचदहाला अर्थ असतो. त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे, हे मोजताना विसरता येत नाही.

रिपोर्ट पाठवून मी ताईंकडे गेले. त्या गप्प होत्या. म्हणाल्या, "तुला त्रास होतो हे कळतं मला. पण दिवसभर तीच नळी, तेच स्टिकर. गाणी असली की हात आपोआप चालतात. बंद झाली की मला प्रत्येक नळी वेगळी उचलावी लागते बघ."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. कामासोबत संगीत ही कल्पना अशाच कामांसाठी जन्मली. बीबीसीने २३ जून १९४० ला कारखान्यांसाठी असा कार्यक्रम सुरू केला, तो १९६७ पर्यंत चालला. युद्धकाळात एकसुरी कामात कामगारांचे हात मंदावू नयेत म्हणून. पण तो सुरुवातीला सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास असा होता, आणि त्यात बहुतांश वाद्यसंगीत असायचं. कार्यालयांना तारेवरून संगीत पुरवणाऱ्या म्यूझॅक कंपनीचीसुद्धा पद्धत पंधरा मिनिटं संगीत आणि मग पंधरा मिनिटं शांतता अशी होती. कामासाठी संगीत हा ज्यांचा धंदा होता त्यांनीही शांतता मोजून ठेवली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड ही आपण नंतर लावून घेतलेली सवय.

म्हणजे एका खोलीत दोन कामं होती. एकाला गाणं हवं, दुसऱ्याला चालत नाही. त्यात कुणाची आवडनिवड मोठी आणि कुणाची छोटी असा प्रश्न नव्हता. कानात बोळे घालून बसणं हाही मार्ग नव्हता. मशीनचा अलार्म आणि तातडीच्या नमुन्याची हाक मला ऐकू यायलाच हवी.

मी हे सगळं ताईंना सांगितलं, जसं आलं तसं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ज्या फोनवरून वाहिनी चालायची तो उचलून माझ्या टेबलावर, मायक्रोस्कोपच्या बाजूला ठेवला. "तुझ्याकडेच राहू दे. लागेल तेव्हा थांबव. मला विचारू नकोस."

संध्याकाळपर्यंत गाणी चालू होती. तेच धृपद परत आलं. त्यानंतर बऱ्याच साध्या स्लाइड झाल्या आणि एकदाही मला ते बटण दाबावंसं वाटलं नाही. याचं मला खूप नवल वाटलं. ग्लास आणि सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी असंच काहीसं प्रयोगात पाहिलं होतं, १९७२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोकांना मोठा, अनियमित गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं, हे बटण दाबलं की तो थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. गोंगाट सगळ्यांनी सारखाच ऐकला, पण नंतरच्या मुद्रितशोधनात आणि कोड्यांत बटणवाल्यांनी कितीतरी चांगलं काम केलं. गाणं आवडत नाही हा माझ्या त्रासाचा छोटा भाग होता. ते थांबवणं माझ्या हातात नाही, हा मोठा.

आमच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रेडिओवरून एवढं?" मी त्यांना १९५२ चा अमेरिकेतला खटला सांगितला. वॉशिंग्टनच्या बस आणि ट्राममध्ये रेडिओ लावायला प्रवाशांनी विरोध केला होता. सर्वोच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. पण न्यायमूर्ती फ्रँकफर्टर त्या खटल्यातून बाजूला झाले, कारण या प्रकाराबद्दल त्यांच्या स्वतःच्या भावना इतक्या तीव्र होत्या की आपण निःपक्षपाती दिसणार नाही असं त्यांना वाटलं. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, काय करायचं ते लिहून द्या.

ताईंनी आणि मी बसून लिहिलं. फोन मोजणाऱ्याच्या टेबलावर राहील. हाताने काउंट चालू असताना रेडिओ बंद, आणि कारण विचारायचं नाही. काउंट संपला की मोजणाऱ्यानेच आठवणीने परत लावायचा. ही ओळ माझी. मी वाद्यसंगीताची वाहिनी सुचवली होती, ती ताईंनी नाकारली. त्यांना शब्द हवे असतात, त्या गुणगुणतात. ते मी सोडून दिलं. मात्र एनआरबीसीसाठी वेगळी कळ असलेल्या काउंटरची मागणी त्याच कागदाच्या तळाशी लिहिली आहे. तिच्यावर सही अजून व्हायची आहे.