मुखवटा घालून बघू का, असं त्यांनी विचारलं

मी युरोपातल्या एका म्युझियममध्ये कॉन्झर्व्हेटर आहे, म्हणजे जुन्या वस्तू तपासून जतन करणं हे माझं काम. लोकांना वाटतं ब्रश घेऊन धूळ झटकायचं काम, पण आमचा निम्मा वेळ ही वस्तू विषारी आहे का हे बघण्यात जातो, कारण पूर्वी कीड लागू नये म्हणून लाकूड, पिसं, कातडं सगळ्यावर आर्सेनिक नाहीतर पाऱ्याचे क्षार सर्रास मारायचे, पुढे डीडीटी आलं.

त्या दिवशी टेबलावर सोवेई मुखवटा होता, सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा. अख्खं डोकं आत जाईल असा, काळाभोर, कपाळ मोठं, डोळ्यांच्या नुसत्या चिरा, तोंड मिटलेलं, मानेला वळ्या नि वर वेण्यांची भरगच्च रचना. कोरतात पुरुष, घालतात मात्र बायका. सांदे ही बायकांची संस्था, मुली वयात येताना त्यांना दीक्षा देते (त्यात खतनाही असतं, ते मला अजिबात मान्य नाही, आणि तिथल्याही बायका त्याविरुद्ध लढतायत). मुखवटा चढवला की नाचणारी बोलत नाही, सोबतची बाई तिच्या वतीने बोलते. खालच्या कडेच्या भोकांतून काळ्या राफियाचा (ताडासारख्या झाडाच्या तंतूंचा) घोळदार पेहराव बांधतात. आमच्या मुखवट्याचा तो कुणीतरी कापून टाकलाय, भोकांत फक्त तुटके तंतू उरलेत. गोळा करणाऱ्यांना नुसतं शिल्प हवं होतं, नाच नको होता. हे बघितलं की माझं डोकंच फिरतं.

तर मेंडे समाजातल्या एक वयस्कर बाई बघायला आल्या, तरुणपणी स्वतः नाचलेल्या. त्यांनी आधी आतली बाजू बघितली. आमचे क्युरेटर कधीच बघत नाहीत ती. कपाळ टेकून टेकून तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय, त्यावर त्यांनी नुसतं बोट दाखवलं आणि विचारलं, घालून बघू का?

मी आदल्याच दिवशी एक्सआरएफ केलं होतं, म्हणजे क्ष-किरण टाकून वस्तूत कुठली मूलद्रव्यं आहेत ते बघणारी तपासणी. त्याच्या आलेखात प्रत्येक मूलद्रव्याचे ठरावीक उंचवटे म्हणजे पीक दिसतात, आणि आर्सेनिकचा मुख्य पीक शिशाच्या पीकवर बरोब्बर बसतो, त्यामुळे घाईत केलं तर हमखास गंडतं, शेजारचे छोटे पीक ताडून बघावे लागतात. मी ते सगळे बघितले होते. आर्सेनिकच होतं, वेण्यांच्या खाचांत भरपूर आणि सगळ्यात जास्त आत, नेमकं कपाळाच्या जागी. रेकॉर्डमध्ये दात्याचा हुद्दा अगदी नीट लिहिलाय, औषध काय मारलं त्याचा एक शब्द नाही.

सांगितलं त्यांना. त्या शांतपणे म्हणाल्या, "कीड लागली तर आम्ही नवा कोरून घेतो. तुम्ही हा टिकवला कुणासाठी?"

मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. लाकूड शाबूत राहिलं हे खरंय आणि ते राखणं हेच माझं काम आहे, पण ज्यासाठी ते कोरलं होतं तेच आम्ही कायमचं बंद करून टाकलंय. खाचांतलं आर्सेनिक पूर्ण निघेल अशी खात्रीची पद्धत माझ्याकडे नाही, आणि जोरात घासलं तर वरचा काळा थरच जाईल.

रिपोर्टमध्ये मी लिहिलंय की हा मुखवटा डोक्यावर घालता येत नाही आणि त्याला म्युझियमचे उपचार जबाबदार आहेत, प्रदर्शनातल्या पाटीवरही हेच लिहा. क्युरेटर म्हणतात लोक घाबरतील, वाक्य सौम्य कर. मी केलेलं नाही. पुढच्या मीटिंगला त्या बाईंनाही बोलवा असं मी लेखी कळवलंय.