दहा बाय दहा, अपडेट 4: घुमण्याचं मूळ सापडलं

मागच्या वेळी लिहिलं होतं की माझ्या दहा बाय दहा फुटांच्या खोलीतला हा सब (सबवूफर, म्हणजे खोल आवाजाचा, बेसचा वेगळा स्पीकर) विकतो आणि 10 इंची घेतो. थांबा, विकत नाही. दोष डब्यात नव्हताच.

सेटअप तोच: 32 इंची टीव्ही, 4 इंची बुकशेल्फ स्पीकर, एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने घ्यायची सोय) आणि सब-आउट (सब जोडायची जागा) असलेला छोटा अँप्लिफायर, आणि दिग्रसहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला पोर्टवाला, म्हणजे डब्याला हवेचं भोक असलेला, 8 इंची सब. 50 हर्ट्झची हम (सततची गुणगुण) डिशच्या केबलमुळे होती, ते मागेच सांगितलं. उरलं होतं घुमणं. ढोल वाजो की ट्रक जावो, सगळ्याला एकच घूंऽऽ, आणि वर मांडणीवरचे गंज थरथरायचे. आई म्हणे, "काय बोलून राह्यले बापा ते, काईच समजत नाही."

दुकानदार म्हणाला होता, "कोपऱ्यात ठेवा, बेस दुप्पट होते." झाला दुप्पट, पण एकाच सुराचा.

आधी कापूस लावून पाहिला. कापसाच्या मुलखात राहून महागडे फोम मी घेणार नाही. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या पाच गाद्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. टाळी वाजवली की येणारा टणटण आवाज गेला, संवादही थोडे सुटे झाले, घूं मात्र जागचा हलला नाही. हलणार कसा? त्या सुराची लाट सहा मीटर लांब. तिला धरायला पाव लाट, म्हणजे दीड मीटर जाडी लागते, आणि माझी गादी पाच इंची. तेवढ्यात पाहुणे आले, गाद्या अंथरल्या गेल्या, विषय मिटला.

मग रविवारी भर दुपारी कूलर बंद करून बसलो. मोबाइलवर टोन जनरेटर, 40 पासून एकेक हर्ट्झ वर. 58 वर गंज वाजले. पण खोलीच्या लांबीत घुमणारा सूर हिशेबाने यायला हवा होता 56: आवाजाचा वेग सेकंदाला 344 मीटर, भागिले खोलीच्या लांबीची दुप्पट, 6.1 मीटर. दोन हर्ट्झ गेले कुठे? टेप घेऊन खोली तीनदा मोजली. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. 344 हा वेग 20-21 अंशांचा. माझ्या खोलीत त्या दुपारी 40 होते. तापलेल्या हवेत तो 355 होतो, म्हणजे बरोब्बर 58! हे जमलं तेव्हा जो आनंद झाला, तो सब घेतला तेव्हाही झाला नव्हता.

खरी गोम खोली चौरस असण्यात आहे. लांबीचा सूर 58, रुंदीचाही 58, एकावर एक चढलेले. कोपऱ्यातला सब दोघांनाही डिवचतो, आणि माझा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, जिथे दाब सगळ्यात जास्त. टोन चालू ठेवून खोलीच्या मधात उभा राहिलो तर आवाज जवळपास गायब. जुन्या घरात कवेलूंच्या फटींतून बेस निघून तरी जायचा, हा स्लॅबचा डबा सगळं आतच ठेवतो.

म्हणून सब टीव्हीखाली, भिंतीच्या बरोबर मध्यावर आणला. रुंदीचा सूर तिथून उठतच नाही. दिवाण तीन फूट पुढे घेतला. पोर्टमध्ये जुना लोकरी मोजा कोंबला. हसू नका, बेस आवळला. सब आता टीव्हीखालीच असल्यामुळे क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती हद्द) 80 वरून 110 वर नेला तरी आवाज बाजूने येतोय असं वाटत नाही, आणि बिचाऱ्या 4 इंचींचं ओझं कमी झालं. पहिल्यांदाच ढोलाचे ठोके सुटे ऐकू आले. माझं मत विचाराल तर एवढ्या खोलीत पोर्टवाला सब घेऊच नका, सीलबंद घ्या.

आता अडचण आईची. "दिवाण काऊन मधात ठेवला रे? झाडू कसा मारू मी?"

पुढचा खर्च सेंटर स्पीकरवर करणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं: असाच दुसरा सब टीव्हीसमोरच्या भिंतीच्या मध्यावर, म्हणजे दिवाणाखाली ठेवला तर? दोघे एकाच फेजमध्ये (एकाच लयीत पुढे-मागे होत) वाजले की लांबीचा सूरही एकमेकांचा मारून टाकतात. मग दिवाण पुन्हा भिंतीला! सेंटर राहू द्या, आधी हेच.

मॉडेल मात्र माझ्या सबचंच हवं. कोणाकडे धूळ खात पडला असेल तर सांगा. यवतमाळ, पुसद, दारव्हा, कुठूनही घेऊन जाईन. एसटीत मांडी रिकामीच आहे.