आईचा पाय घेऊन सायबाच्या फेस्ताला

आईने नऊ वाऱ्या केल्या. दहावी गुडघ्यांनी अडवली. शेजारची तिया सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला जुन्या गोव्यापर्यंत चालत जाणार आणि मी तिच्या सोबतीला, असं ठरलं तेव्हा आई हळूच म्हणाली, "तिथे मेणाचे पाय मिळतात ना? माझ्या नावाने एक ठेव."

गळ्यात तुळशीची माळ, आणि हे! "विठोबाला सांग की."

"त्याला सांगून झालंय."

३ डिसेंबरला पहाटे साडेतीनला डिचोलीहून निघालो. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस तियाने नोव्हेनाची प्रार्थना एकदाही चुकवली नव्हती. ती अनवाणी, मी जाड तळव्याच्या बुटांत. तिने बुटांकडे एकदा पाहिलं नि म्हणाली, "तुका जाता तितलें चल." मयेपर्यंत अंधारच होता. बॅटरीच्या उजेडात तिच्या टाचांच्या भेगा तेवढ्या दिसत होत्या आणि तेर्साचं, म्हणजे जपमाळेवरच्या प्रार्थनेचं, पुटपुटणं कानावर येत होतं. तीच प्रार्थना पन्नास वेळा. हरिपाठ ऐकत मोठं झालेल्याला यात नवल वाटू नये, पण तिसाव्या वेळेला माझे पाय त्या लयीत पडू लागले तेव्हा मी जरा दचकलेच.

तिचा मुलगा तारवटी. सहा-आठ महिने बोटीवर, मग दोन महिने घरी. काय मागणार, असं विचारलं तर म्हणाली, मागायचं काही नाही; तो कुठे आहे, जेवतो का, एवढं सायबाला सांगून यायचं. त्याला जसं काही माहीतच नसतं!

नार्वेला उजाडलं. सप्तकोटेश्वराच्या वाटेपाशी मी थांबले, तियानेही हात जोडले. हा देव मूळचा नदीपलीकडचा, दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं, आणि लिंग नदी ओलांडून इकडे आलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणजे देव ज्या पाण्यातून निसटून आला, त्याच पाण्यावरून आम्ही उलट्या दिशेने, फेरीबोटीत, सायबाकडे निघालो होतो. फेरीत चालत्या माणसाला तिकीट नसतं. बाकीचा हिशोब मात्र डोक्यात चालूच राहतो. १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणा म्हणणारा हाच फ्रान्सिस झेवियर. ते आलं १५६० मध्ये, तो जाऊन आठ वर्षं झाल्यावर. हे मला माहीत आहे, आणि मी विसरूनही चालत नव्हते. तियाशी यावर बोलावं का? नाही बोलले. तिच्या टाचेला खडा लागला होता, ती कठड्याला टेकून तो काढत होती.

दिवाडीचा रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना खाजन, खाडीकाठची बांध घातलेली शेतं. दुसरी फेरी, मग व्हाइसरॉयच्या कमानीखालून आत. तिथून पुढे गर्दीच चालवते. सावंतवाडीकडून रात्रभर चालत आलेले लोक सावलीला पाय चोळत बसले होते. त्यांची मालवणी ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मीस, म्हणजे चर्चची मुख्य प्रार्थना, बाहेर मांडवात चालू होतं. बॅसिलिकेत सायबाचं शव चांदीच्या पेटीत, उंचावर. खालून दिसते ती पेटीच. जवळून दर्शन दहा वर्षांतून एकदा; मागचं २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालं होतं. चीनला नेणाऱ्या होडीची वाट पाहत एका बेटावर १५५२ मध्ये, याच तारखेला, हा माणूस गेला. तारवट्यांच्या आयांना तो जवळचा वाटणारच. तिया डोळे मिटून बराच वेळ बोलत होती. ओठ हलताना दिसत होते. मुलाचं जेवण निघालं असावं.

बाहेर मेणवाल्या बायका. टोपलीत हात, पाय, डोळे, बाळं, एक घरसुद्धा, सगळं पिवळट मेणाचं. सायबाचा स्वतःचा उजवा हात कोपरापासून खाली १६१४ मध्ये रोमला नेला, आणि लोक त्यालाच हात वाहतात. मी पाय मागितला.

"उजवो काय दावो?"

हे विचारायचं राहूनच गेलं होतं. आईला फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी. "आई, कुठला गुडघा?"

थोडा वेळ काहीच नाही. मग, "उजवा जास्त दुखतो. पण एकट्या उजव्याने पंढरपूर कसं गाठणार?"

दोन घेतले. पिशवीतून नेईपर्यंत उन्हाने एकाचा अंगठा चेपला होता, तो बोटाने सरळ करून इतरांच्या हातापायांत ठेवला. आईचं नाव मराठीतच सांगितलं, गावासकट.

परतताना बस. तियाने पिशवीभर चणे आणि खाजें, फेस्तातला गोड खाऊ, घेतलं होतं. मी दारात पाय ठेवला तर आईने पायांचं काही विचारलंच नाही.

"खाजें आणलंस? आल्याचं ना?"