नवीन नोकरी आणि कोरा राहिलेला फॉर्म

परवा भाच्याचा फोन, "मावशी, सोमवारी जॉइन होतोय, पहिल्या दिवशी फॉर्मल घालू का?" म्हटलं घाल रे काय घालायचं ते, आधी सांग यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आहे का तुझ्याकडे? तर म्हणे, तो कुठे मिळतो? त्याची ही दुसरी नोकरी, आणि गडबड नेमकी दुसऱ्याच नोकरीत होते, म्हणून लिहितेय.

मी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये नोकरी बदलली. पहिल्याच दिवशी एचआरने फॉर्मांचा गठ्ठा पुढे केला, सह्या करा, बाकीचं नंतर बघू. मीही भराभर केल्या, डोक्यात सगळं टीम कशी असेल, मॅनेजर कसा असेल हेच. त्या गठ्ठ्यात फॉर्म १२बी होता, म्हणजे त्या वर्षी आधीच्या कंपनीत किती पगार झाला, किती टॅक्स कापला ते नव्या कंपनीला कळवायचं. तो कोराच राहिला आणि नंतर कुणी विचारलंही नाही. त्या आर्थिक वर्षात जुन्या कंपनीत सात महिने, महिना ६० हजार पगार, नव्या कंपनीत पाच महिने, महिना ८० हजार. दोघांनी आपापल्यापुरता हिशोब केला, दोघांनी ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून मिळणारी सरसकट वजावट) धरलं, आणि नव्या रिजीममध्ये, म्हणजे नव्या कररचनेत, तेव्हाच्या ७ लाखांच्या करमुक्त मर्यादेत बसतंय म्हणून कुणीच रुपया कापला नाही. जुलैत रिटर्न भरायला बसले तर दोन्ही मिळून ८ लाख २० हजार, डिडक्शन एकदाच, टॅक्स ३३,२८० रुपये आणि वर व्याज. त्याच महिन्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. फार रडू आलं होतं तेव्हा.

पीएफचंही तसंच. यूएएन १२ आकडी असतो, नोकरी बदलली तरी तोच राहतो, तो नव्या कंपनीला दिलाच पाहिजे. माझ्या मैत्रिणीने दिला नाही, दुसरा नंबर निघाला, आता दोन्ही जोडत बसलीय. जुनी-नवी नोकरी धरून सलग ५ वर्षं झाली तर पीएफ काढताना टॅक्स लागत नाही, पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात, मग मागची वर्षं का सोडायची? आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकलीय का तेही पीएफच्या पोर्टलवर बघा, नसेल तर दोन महिन्यांनी आपल्याला स्वतः टाकता येते.

कामाचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस काहीही विचारा, लोक प्रेमाने सांगतात. तिसऱ्या महिन्यात तेच विचारायला आपल्यालाच जड जातं. मी एक छोटी वही ठेवते, कुणाला काय विचारायचं ते नावासकट लिहून, आणि पहिलं पान अकाउंट्सवाल्यांचं.

सोमवारी रात्री भाच्याचा मेसेज आला, "यूएएन जुन्या सॅलरी स्लिपवर सापडला, दिला. १२बी उद्या भरतो, मावशी." मी लगेच लिहिलं, उद्या सकाळी, चहाच्या आधी.