सॅकमधली खुर्ची

ट्रेक लीड करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातला सर्वांत नावडता भाग म्हणजे लोकांना भरलेली सॅक पुन्हा उपसायला लावणं. जानेवारीत हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, खिरेश्वरला एका घराच्या अंगणात तेच चाललं होतं. खरं तर गडावर तंबू भाड्याने मिळतो, गरम पिठलं-भाकरी मिळते. पण ही मंडळी मे महिन्यात हिमालयात जाणार, म्हणून सगळं आपणच वाहायचं ठरलेलं.

सॅक अंगाच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जड नको, हा माझा हिशेब. बँकेतून निवृत्त झालेले एक काका ६५ किलोंचे. त्यांची सॅक साडेसतरा भरली. वर बाहेर घडीची खुर्ची लोंबकळत होती. ती एकटीच अडीच किलो.

"काका, ही गाडीतच राहू दे."

"बाकी काय वाट्टेल ते काढ. खुर्चीला हात लावायचा नाही."

मग बाकीचं काढलं. पाच लिटर पाणी होतं; एक लिटर म्हणजे एक किलो. वर देवळाजवळच्या टाक्यांत पाणी असतं, तेव्हा तीन लिटर पुरे. जीन्स गेली. टर्किश टॉवेल गेला, त्याच्या जागी पंचा. काचेच्या बरणीतलं लोणचं निघालं तेव्हा आजूबाजूचे हळहळले; ते प्लास्टिकच्या डबीत थोडंसं घेतलं. तंबूचे खांब जोडीदाराच्या सॅकमध्ये. (ब्लूटूथ स्पीकर कुणाच्याही सामानात सापडला तर मी वजन करतच नाही, थेट गाडीत.) काटा साडेबारावर आला, खुर्ची धरून.

खुर्ची मात्र मी आत, पाठीला चिकटून उभी बसवली. तोलार खिंडीच्या वर कातळटप्पा आहे, तिथे रेलिंग धरून चढावं लागतं. बाहेर लोंबणारी वस्तू नेमकी तिथेच अडकते, आणि जड सामान पाठीपासून जितकं लांब तितकं ते माणसाला मागे ओढतं. काका सावकाश पण न थांबता चढले. पुढच्या टेकड्यांवर दोन तरुण सारखे बसत होते, हे बसले नाहीत.

ते का, हे रात्री कळलं. सगळे ताटं घेऊन कॅरीमॅटवर बसले, काका खुर्चीत. मी चेष्टा केली तर त्यांनी पँट वर करून गुडघ्यावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. चढता-उतरता येतं, पण जमिनीवर बसले की उठवायला दोघं लागतात.

"खाली का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर मला वर आणलं असतंस?"

खुर्चीला रात्रभर गिऱ्हाईक होतं. काका भाडं म्हणून प्रत्येकाकडून एकेक भांडं घासून घेत होते.

मे महिन्यासाठी त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, किलोभर वजनाची खुर्ची घेतली. दीड किलो कमी करायला एवढे पैसे मोजावे लागले, हे मात्र मला हिमालयात पोचेपर्यंत ऐकवत होते.