गोंयच्या सायबाच्या वाटेवर

कोलवाळच्या पुलावर पोचलो तेव्हा अजून उजाडायचं होतं. खाली शापोरा नदीवर धुकं होतं. सावंतवाडीहून निघालेलो आम्ही तीसेक जण सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे ३ डिसेंबरच्या सणाला, जुन्या गोव्याला चाललो होतो. आदल्या रात्री माझ्या टाचेला फोड आला. आमच्यातल्या एका मावशीने माझा पाय सरळ मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून तो फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. पाणी निथळून जातं, कातडी शाबूत राहते. "बाये, पांयांक तेल लाय. फाल्यां परत चलूंक जाय," एवढंच म्हणाली.

दिंडी आम्हाला नवी नाही, ती दरवर्षी दारावरून जाते. आमची वाटही तशीच. पुढच्याने 'नमान मोरिये' ही मारियेची प्रार्थना सुरू करायची, मागच्यांनी पुरी करायची. तेर्स, म्हणजे जपमाळ, संपला की गप्प चालायचं. त्या गप्प चालण्यात मला सारखं आठवत होतं की आमचा सायब, सेंट फ्रान्सिस झेवियर, मुळात इकडे येणारच नव्हता.

१५ ऑगस्ट १५३४ ला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सहा सोबत्यांनी, त्यांत आमचा सायबही, शपथ घेतली ती जेरुसलेमला जाण्याची. व्हेनिसमध्ये थांबून राहिले, पण तुर्कांशी लढाईची चिन्हं असल्यामुळे जहाज मिळेना. मग ते पोपसमोर उभे राहिले. पोर्तुगालच्या राजाला हिंदुस्थानसाठी माणसं हवी होती. नेमलेला बोबादिया ऐनवेळी आजारी पडला आणि त्याच्या जागी झेवियर निघाला. तेव्हा त्यांच्या जेझुइट संघाला पोपची लेखी मान्यतासुद्धा नव्हती! ती मिळाली २७ सप्टेंबर १५४० ला, आणि तीही साठच सभासदांची अट घालून. पुढे ती अट उठली. १५५६ मध्ये लोयोला वारला तेव्हा जेझुइट हजाराच्या घरात होते.

हे वाढलं कशाने? पत्रांनी, असं मला वाटतं. झेवियर तमिळ मुलखातल्या मोत्यांच्या किनाऱ्यावरून, मलाक्काहून, जपानहून लिहायचा. त्या पत्रांच्या नकला युरोपभर वाचल्या जायच्या आणि वाचून तरुण पोरं घर सोडायची.

म्हापशाला पेज मिळाली. इथे बार्देशात त्या काळी फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाचे पाद्री होते, जेझुइटांचा मुलूख दक्षिण गोव्यातली साष्टी. पर्वरीचा चढ टाचेने लक्षात ठेवला. मांडवी ओलांडून रायबंदरच्या बांधावर आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. हा बांध १६३० च्या दशकातला. त्यावरून चालताना मला घंटा ऐकू आल्यासारखी वाटली. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरल्यावर सायब हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्याने फिरायचा, पोरांना आणि गुलामांना गोळा करायचा आणि धर्माचे धडे चालीवर म्हणून घ्यायचा. तमिळ किनाऱ्यावर त्याने तिथल्या माणसांकडून प्रार्थना भाषांतरित करून घेतल्या आणि तोंडपाठ केल्या.

पण याच सायबाने १५४६ मध्ये राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं न्यायालय, मागितलं. ते १५६० मध्ये आलं, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. साष्टीत देवळं पडली. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला. आमचे पूर्वज त्या काळात कुठल्या बाजूला, किती भीतीने उभे होते, हे मी चालताना स्वतःला विचारते. माझी श्रद्धा त्याने कमी होत नाही, पण हे सोडून सायबाची गोष्ट सांगणं मला जमत नाही.

पहाटेच्या मिस्सेला बॉम जेझू चर्चच्या आवारात माती दिसत नव्हती, इतकी माणसं. आतल्या उंच चौथऱ्यावरची, सायबाच्या देहाची चांदीची पेटी लांबूनच दिसली. ती १६३० च्या दशकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली, आणि खालचा संगमरवर तोस्कानाच्या ड्यूकने पाठवला. मावशी पेटीकडे बघत बराच वेळ नुसती ओठ हलवत होती.

परतीपूर्वी मी तिला सेंट पॉल कॉलेजच्या कमानीपाशी नेलं. एवढं मोठं कॉलेज, उरलीय ती जांभ्याची एक कमान आणि माथ्यावर क्रूस. १५५४ मध्ये सायबाचा देह आधी इथेच आणला होता. अबिसिनियाला, म्हणजे इथिओपियाला, निघालेला छापखाना १५५६ मध्ये इथेच राहिला, हिंदुस्थानातला पहिला. मी तिला थॉमस स्टीफन्सबद्दल सांगितलं. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये आला, चाळीस वर्षं इथेच राहिला, आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. रोमन अक्षरांत ती १६१६ मध्ये छापली, ओव्या दहा हजारांहून जास्त. सायबाला परक्या भाषा घोकाव्या लागल्या. या माणसाने आपली भाषा आपली म्हणून लिहिली. मला हा सगळ्यात जवळचा वाटतो.

"ओव्यो? ज्ञानोबाच्यो कशो?"

"तशाच, मावशी. साष्टीत, राचोलला असायचा तो."

तिने कमानीवरून हात फिरवला. तळव्याला तांबडी भुकटी लागली, ती पदराला पुसली.

"राचोल हांगाच्यान कितलें पयस?" तिने अंतर विचारलं, आणि चपला पायात घालू लागली.